‘कौशल्याचा खेळ’ हा शब्द परत द्या

आपल्या भाषेतला एक शब्दप्रयोग गेल्या दहा वर्षांत दिवसाढवळ्या पळवून नेला गेला आणि कुणी साधी तक्रारही केली नाही. तो शब्दप्रयोग म्हणजे ‘कौशल्याचा खेळ’. क्रिकेटच्या दोन षटकांच्या मध्ये, यूट्यूबच्या कीर्तनाआधी, हवामानाच्या अंदाजाखाली, जिथं तिथं तो ऐकू यायचा. ओळखीचा चेहरा हसतहसत सांगायचा, या, रमी खेळा, टीम लावा, हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे. शेवटी कुणीतरी गाडी सुटल्यासारखं घाईघाईनं म्हणायचं की यात आर्थिक जोखीम आहे, जबाबदारीनं खेळा.

माझं म्हणणं थेट आहे. खरा कौशल्याचा खेळ कसा असतो हे आपल्याला माहीत होतं. बुलडाणा जिल्ह्यातल्या पोरांनाही माहीत होतं. तो टीव्हीला वायरीनं जोडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यावर खेळला जायचा. त्यात तीन लाइफ मिळायच्या, एक गोळी लागली की एक जायची, आणि अंबानी आला असता तरी त्याला चौथी विकत मिळाली नसती. त्या खेळाला घरच्यांनी ‘पोरं बिघडवणारा’ म्हटलं. आणि ज्यात पोरांचे, बापांचे, पीककर्जाचे पैसे गेले त्याला कौशल्याचा खेळ म्हटलं गेलं. हा हिशोब उलटा आहे, तो सरळ करायला हवा.

आधी तो डबा. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं जुलै १९८३मध्ये ‘फॅमिकॉम’ नावाचं घरी खेळायचं यंत्र बाजारात आणलं. आपल्याकडे ते अस्सल रूपात फारसं आलंच नाही. आल्या त्या त्याच्या नकला. सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशी नावं, पिवळ्या-काळ्या कॅसेटी, आणि कॅसेटीवर ‘९९९९९९९ इन वन’ असं छापलेलं. आत खेळ मोजून पाच-दहा, बाकी सगळी त्यांचीच उलटसुलट नावं. घाटावर चिखली-मेहकरला असो की घाटाखाली खामगाव-मलकापूरला, नव्वदच्या दशकात ही यंत्रं दोन ठिकाणी दिसायची. एक, ज्याच्या घरी मामा मुंबई-पुण्याहून यायचा त्याच्या घरी. दुसरं, गल्लीतल्या एखाद्या दुकानात, जिथं दोन-तीन जुने टीव्ही मांडून तासावर पैसे घेतले जायचे. कॅसेट चालली नाही की तोंडानं फुंकायची. ‘पिक्चर ट्यूब खराब होते’ म्हणून ओरडा खायचा. आणि ऐन शेवटच्या स्टेजला लाइन जायची. सेव्ह वगैरे भानगडच नव्हती, त्यामुळे लाइन आली की पहिल्यापासून.

या कॅसेटींमध्ये मारिओ होताच. पण इथं मला बोलायचंय ते गोळीबाराच्या खेळांबद्दल. विमानाचे ‘गॅलॅक्सियन’, ‘१९४२’, ‘ग्रेडियस’, आणि सगळ्यांचा बाप म्हणजे ‘काँट्रा’. वेगवान, अवघड, दयामाया नसलेले. आज तुम्ही इम्युलेटर टाकून फोनवर काँट्रा सुरू केलात तर पहिल्या मिनिटाला एक, दुसऱ्या मिनिटाला दुसरी लाइफ जाईल. तेव्हाही असंच व्हायचं. मागून कुणीतरी ओरडायचं, ‘काहून रे पोट्ट्या, आखीन मेला का?’ तर हो, आखीन मेला.

आता प्रश्न असा की हे खेळ इतके अवघड कुणी केले आणि कशासाठी? याचं उत्तर माझ्या बाजूचं नाही, तरी ते सांगायलाच हवं. ते लोभापायी अवघड केले गेले. हे खेळ मुळात घरासाठी नव्हतेच. ते आर्केडमधल्या, म्हणजे नाणं टाकून चालणाऱ्या यंत्रांसाठी होते. १९७८मध्ये तोमोहिरो निशिकादो या जपानी अभियंत्यानं टायटो कंपनीसाठी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ तयार केला. वरून परग्रहवासीयांच्या रांगा खाली येतात आणि आपण खालून त्यांना टिपायचं. त्यातली एक गंमत प्रसिद्ध आहे. जसजसे शत्रू मरत जातात तसतसे उरलेले वेगानं पळू लागतात. हे मुद्दाम योजलेलं नव्हतं. त्या काळच्या प्रोसेसरला इतके सगळे शत्रू एकदम काढणं जड जायचं. संख्या कमी झाली की काम हलकं व्हायचं आणि उरलेल्यांचा वेग आपोआप वाढायचा. निशिकादोनं ती अडचण तशीच ठेवली, कारण खेळ त्यामुळे रंगत होता. या एका गोष्टीतून पुढच्या सगळ्या अवघड खेळांचा पाया पडला. जिंकत गेलात की काम सोपं होत नाही, अवघड होतं.

पण दुकानदाराचा हिशोब वेगळा होता. एका नाण्यावर पोरगं तासभर खेळत राहिलं तर धंदा बुडाला. त्यानं काही मिनिटांत मरायला हवं, आणि ‘अजून थोडं जमलं असतं’ असं वाटून दुसरं नाणं काढायला हवं. आर्केडमधला निष्णात खेळाडू हा मालकाचा तोटा असतो. म्हणून गोळ्या वाढवा, वेग वाढवा, चुकायला जागा ठेवू नका. हे अगदी खरं आहे, आणि जे लोक जुन्या खेळांना देव्हाऱ्यात बसवतात त्यांनी ते विसरू नये.

मात्र पुढे जे झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. कोनामीचा काँट्रा १९८७ साली आर्केडला आला आणि १९८८ साली फॅमिकॉमवर, म्हणजे घरी. घरी येताना त्याची नाण्याची खाच गळून पडली. अवघडपणा तसाच राहिला. एकदा कॅसेट घेतली की तुम्ही दहादा मरा नाही तर हजारदा, कोनामीला त्यातून एक छदाम मिळणार नव्हता. गल्लीतल्या दुकानातही पैसे तासावर होते, लाइफवर नव्हते. पोरगं एका लाइफवर तास काढतंय की तासात चाळीसदा मरतंय याच्याशी दुकानदाराला देणंघेणं नव्हतं. त्याचं लक्ष घड्याळावर. लोभानं घडवलेला अवघडपणा आता कुणाच्याच खिशाच्या कामाचा उरला नव्हता. तो नुसताच अवघडपणा उरला, पोराचा आणि त्याच्या हाताचा. घरी आलेल्या या आर्केडी खेळांचं मोल मला इथं दिसतं. खेळाच्या इतिहासात ही जागा क्वचित मिळाली. अवघडपणा पूर्ण, आणि तुमच्या हरण्यात कुणाचाही फायदा नाही.

आता कुणी म्हणेल, फसवेगिरी तर तिथंही होती, तीस लाइफचा कोड विसरलास का? बरं झालं आठवण काढली. तो कोड मुळात ‘ग्रेडियस’चा. आर्केडवरचा ग्रेडियस १९८६ साली फॅमिकॉमवर आणण्याचं काम कोनामीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांच्याकडे होतं. चाचणीसाठी तो पुन्हा पुन्हा खेळावा लागायचा आणि खुद्द हाशिमोतोंना तो पार करता येईना. म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी-बी-ए अशी बटणांची किल्ली आत ठेवली, आणि ती तशीच राहून गेली. काँट्रात तिनं तीस लाइफ मिळायच्या. हाशिमोतो २०२० साली वारले तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी त्यांची आठवण काढली ती या दहा बटणांसाठी. या गोष्टीत दोन गोष्टी बघा. एक, खेळ बनवणाराच कबूल करतोय की मला हे जमत नाही. दोन, ती सवलत फुकट होती. तोंडातोंडी पसरायची. शाळेच्या मधल्या सुट्टीत, वहीच्या मागच्या पानावर. आजच्या खेळात तीच सवलत ‘फक्त ७९ रुपये, ऑफर संपायला दहा मिनिटं’ अशी चमकत आली असती.

अवघडपणाचा उपयोग काय, हा खरा वादाचा मुद्दा. ‘हरून हरून पोरं शिकतात’ असली सुविचारछाप वाक्यं मला नकोत. हरून कुणी आपोआप शिकत नाही. नुसतं हरणं माणसाला फक्त थकवतं. शिकायला दोन अटी लागतात. आपण का हरलो हे कळलं पाहिजे, आणि पुन्हा हरणं परवडलं पाहिजे. काँट्रासारख्या खेळात या दोन्ही अटी पुऱ्या होतात.

पहिल्या स्टेजमधला पूल आठवा किंवा उघडून बघा. तुम्ही पाय ठेवता आणि तो तुकड्यातुकड्यानं स्फोट होऊन उडत जातो. पहिल्यांदा तुम्ही खाली पडता. दुसऱ्यांदा घाबरून थांबता आणि मग पडता. तिसऱ्यांदा कळतं की थांबायचं नाही. शत्रू कुठून येणार, तोफ कधी उघडणार, गोळी कोणत्या कोनात सुटणार, हे बऱ्याच अंशी ठरलेलं असतं. मेलात तर पडद्यावर स्पष्ट दिसतं की तुम्ही अमुक ठिकाणी अमुक वेळी उडी मारलीत आणि ती चुकली. ‘एस’ लिहिलेली पाच गोळ्यांची बंदूक तुमच्याकडे होती, ती मेल्याबरोबर गेली. म्हणजे चुकीची किंमतही समोरच दिसते. पूर्ण शिकून झालेला काँट्रा अर्ध्या तासाच्या आत संपतो. तो शिकायला मात्र पोरांची अख्खी उन्हाळ्याची सुट्टी जायची. ती सुट्टी कशात गेली? स्वतःच्या चुका एकेक करून ओळखण्यात.

पुढे याच जातीच्या विमानी खेळांनी आणखी वेडेपणा केला. १९९७मध्ये केव्ह या कंपनीचा ‘दोदोनपाची’ आला. पडदा गोळ्यांनी इतका भरून जातो की बघणाऱ्याला वाटतं, यात मुंगी शिरणार नाही. पण खेळणाऱ्याला हळूहळू एक गुपित कळतं. आपलं विमान दिसतं मोठं, पण गोळी लागते ती त्याच्या मधल्या इवल्याशा भागाला. बाकी विमान गोळ्यांवरून घासत गेलं तरी चालतं. म्हणजे वाट होतीच, डोळ्यांना ती दिसत नव्हती. हात हलवायचा तोही जेमतेम, केसभर. घाबरून सैरावैरा पळणारा आधी मरतो. हे कौशल्य आहे, आणि ते दिवसागणिक वाढलेलं मोजता येतं.

(आपल्या जिल्ह्याला या विषयात खास अधिकार आहे. आकाशातून येणारा दगड चुकवायचा, ही या खेळांची एक जुनी कल्पना; अटारीचा १९७९चा ‘अॅस्टेरॉइड्स’ त्यावरच होता. आणि लोणारला सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर घेऊन आपण हजारो वर्षं बसलोय. आपला तो डाव फार आधीच गेला.)

आणि दोघं खेळायचे तेव्हाची गोष्ट तर वेगळीच. तिसरी स्टेज धबधब्याची. पडदा वर सरकतो. जो पुढे उड्या मारत चढतो त्याच्याबरोबर पडदा चढतो, आणि मागे राहिलेला पडद्याखाली गेला की मरतो. म्हणजे वरच्यानं घाई केली की खालचा मेला. शत्रूनं गोळी झाडायचीही गरज नाही. ही स्टेज दोघांना पार करायची तर चांगल्या खेळणाऱ्याला थांबावं लागतं. किती भांडणं झाली असतील त्या धबधब्यावर, आणि किती पोरांना तिथं थांबणं जमू लागलं असेल.

आता या चित्राशेजारी आपल्या हातातला फोन ठेवा.

२०१२ साली ‘कँडी क्रश’ आला. त्यातही लाइफ आहेत. पाच. संपल्या की दर तीस मिनिटांनी एक परत मिळते, नाहीतर पैसे द्या. शब्द तोच आहे, लाइफ. अर्थ पूर्ण पालटला. काँट्रात लाइफ जाते तेव्हा तुमच्या चुकीचा हिशोब होतो. इथं लाइफ जाते तेव्हा दुकान उघडतं. घरी येताना आर्केडची जी नाण्याची खाच गळून पडली होती, ती फोननं उचलून पुन्हा बसवली. मधला अवघडपणा तेवढा काढून टाकला, कारण अवघडपणानं माणूस कंटाळून जातो, आणि कंटाळलेला माणूस पैसे देत नाही.

पैशाच्या खेळांनी त्यापुढचं पाऊल टाकलं. तिथं तर लाइफही काढून टाकल्या. थेट तुमचा पैसाच लाइफ झाला. आणि ढाल म्हणून पुढे केला सर्वोच्च न्यायालयाचा १९६७चा निकाल. आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात न्यायालयानं म्हटलं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, कारण कुठली पानं पडली ते लक्षात ठेवावं लागतं. जाहिरातींनी एवढंच उचललं. त्याच निकालात पुढे असंही म्हटलंय की क्लबचा किंवा जागेचा मालक अशा पैजेच्या खेळातून नफा कमावत असल्याचा पुरावा असेल तर गुन्हा ठरू शकतो. हा भाग कुठल्या जाहिरातीत ऐकलात? अॅपवर तर प्रत्येक डावातून कंपनीचा वाटा कापला जातो. तुम्ही जिंका, समोरचा जिंको, मालक दोन्हीकडून घेतो. सिकंदराबादच्या त्या क्लबात बसून चार माणसं रमी खेळत होती. इथं टेबल कंपनीचं, पत्ते पिसणारं यंत्र कंपनीचं, समोर कोण बसलंय ते फक्त कंपनीला माहीत. अशा ठिकाणी तुमचं कौशल्य कितीही असो, तुम्ही का हरलात हे तुम्हाला कधीच नक्की कळत नाही. पहिली अट तिथंच मोडली. आणि पुन्हा हरणं परवडणं ही दुसरी अट? ती कुणाची मोडली हे गावोगाव विचारा.

२०२५च्या जुलैमध्ये एक व्हिडिओ राज्यभर फिरला. विधान परिषदेत बसलेले तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे, आणि त्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा डाव. आपण खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेला खेळ बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. त्याच महिन्याच्या शेवटी त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा व युवक कल्याण खातं आलं. यावर विनोद खूप झाले. मी त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं धरायला तयार आहे. पण मग पुढचा विचार करा. सभागृहात बसलेल्या राज्याच्या मंत्र्याच्या फोनवर जर हा डाव न बोलावता उघडत असेल, तर संग्रामपूरच्या एखाद्या बारावी झालेल्या पोराच्या फोनवर तो किती वेळा उघडत असेल? त्याच्याकडे तर कुणी कॅमेराही लावलेला नाही.

पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२५मध्ये, संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे. ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. सरकारनंच तेव्हा सांगितलं की अशा खेळांत सुमारे ४५ कोटी लोकांचे वर्षाला २० हजार कोटींच्या वर रुपये जातात. कंपन्या न्यायालयात गेल्या, ते त्यांचं काम. मला त्या कायद्यातली एक गोष्ट आवडली. त्यानं कौशल्य की नशीब हा शब्दच्छल बाजूला ठेवला आणि पैसा कुठून कुठं वाहतो ते पाहिलं. पण मग २०२३च्या ऑक्टोबरपासून याच खेळांवर २८ टक्के जीएसटी लावून वसूल करताना हा विचार कुठं होता, हेही विचारलं पाहिजे. खेळ वाईट होता तर कर कशाचा घेतला? आणि कायदा झाला म्हणून सगळं मिटलं असंही नाही. जाहिरातीतला चेहरा बदलतो, अॅपचं नाव बदलतं, टेलिग्रामवर लिंक फिरते.

हे सगळं बुलडाण्यात का बोलायचं? कारण इथं नशिबाचा खेळ आधीच घरात आहे. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि बुलडाणा. कपाशी आणि सोयाबीन लावणारा माणूस पाऊस कधी येईल, बोंडअळी पडेल का, भाव काय फुटेल, यातलं काहीही स्वतःच्या हातानं ठरवू शकत नाही. त्याच्याकडे कौशल्य भरपूर आहे, पण निकाल त्याच्या कौशल्यावर लागत नाही. अशा घरातल्या पोराला कुणी सांगितलं की इथं तुझ्या डोक्यावर निकाल लागतो, तर तो भुलणारच. त्याला हेच तर हवं होतं. कंपन्यांनी त्याची नेमकी तहान हेरली आणि त्याला खारं पाणी पाजलं.

दुसरी बाजू स्पर्धा परीक्षांची. जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे रस्त्यावर जा. पोलीस भरतीची पोरं-पोरी धावताना दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. ही परीक्षा काँट्रासारखी आहे, घड्याळ खोटं बोलत नाही. काल पाच सेकंद कमी पडले, आज तीन. पण लेखी परीक्षेचं तसं नाही. २०२१मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला, शिक्षक पात्रता परीक्षेतला घोटाळा बाहेर आला. तिथं जो नापास झाला त्याला काय कळलं? आपण कमी पडलो की कुणी पैसे भरून पुढे गेलं? का हरलो हे कळलं नाही की माणूस स्वतःलाच खात बसतो. अवघडपणानं पोरं मोडत नाहीत, लबाडीनं मोडतात. हे ज्याला कळत नाही तो पोरांना ‘ही पिढी कष्टाला घाबरते’ म्हणून मोकळा होतो. कष्टाला घाबरणारी पिढी पहाटे साडेचारला डांबरावर धावत नसते.

आता आक्षेप. पहिला, हे गोळ्या घालायचे खेळ, त्यातून हिंसा शिकतात. काँट्रातला शत्रू म्हणजे चार-पाच रंगांच्या ठिपक्यांचा बाहुला, आणि शेवटी परग्रहावरचं एक धडधडणारं काळीज. त्यातून कुणी बंदूक शिकलं नाही. उडी कधी मारायची ते शिकलं. हिंसेबद्दल खरंच काळजी असेल तर कर्ज देणाऱ्या अॅपांच्या वसुलीचे फोन ऐका.

दुसरा, वेळ वाया जातो. जातो, नाकारत नाही. कॅरमनं जातो, क्रिकेटनं जातो, पारावर बसून जातो. प्रश्न असा की गेलेल्या वेळातून हाताला काही लागलं का, आणि खेळ थांबू देतो का. काँट्रा थांबू द्यायचा. आठ स्टेज झाल्या की संपायचा, नावं झळकायची, डबा बंद. आजचे बरेच खेळ संपतच नाहीत. रोज उघडला नाही तर बक्षीस बुडतं, मालिका तुटते, मित्र पुढे जातात. शेवट काढून घेतलेला खेळ हा नोकरीसारखा असतो, फक्त पगार तुम्ही देता.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार. हे सगळं नव्वदच्या पोरांचं स्मरणरंजन आहे. ‘पोरांचं’ हा शब्द तर अगदी बरोबर. तासावर पैसे घेणाऱ्या त्या दुकानांत मुली नव्हत्या. त्यांना तिथं जाऊ दिलं जात नव्हतं, आणि त्या गर्दीत जायची त्यांनाही इच्छा होत नसेल. ज्या घरात डबा होता तिथं बहिणीला दुसरा रिमोट मिळायचा, ज्याला बऱ्याचदा स्टार्टचं बटणही नसायचं. खेळ कधी सुरू करायचा ते भाऊ ठरवणार. तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. यंत्रं नकली, कॅसेटी चोरीच्या, जागा अर्ध्या जिल्ह्याला बंद. तो काळ परत नको. त्यातली एकच गोष्ट परत हवी, आणि ती आज मिळवणं तेव्हापेक्षा सोपं आहे. अवघड, प्रामाणिक, एकदाच पैसे घेऊन गप्प बसणारे खेळ आजही बनतात. २०१७चा ‘कपहेड’ हा काँट्राच्याच वंशातला, हातानं चित्रं काढून केलेला, आणि तितकाच छळणारा. आणि आता स्टार्टचं बटण प्रत्येकीच्या हातात आहे.

तर मागणं काय? आईबापांनी ‘गेम’ हा एकच शब्द सगळ्याला वापरणं बंद करावं. पोरगं मोबाइलवर खेळतंय म्हणजे काय करतंय? ते ‘दोदोनपाची’त गोळ्यांमधून वाट काढतंय, की पाचशे रुपये लावून टीम बनवतंय? या दोन गोष्टींत पोहणं आणि बुडणं इतका फरक आहे, जरी दोन्ही पाण्यातच होत असल्या तरी. शिक्षकांनी व्यसनमुक्तीचं भाषण देताना हा फरक सांगावा. नाही सांगितला तर पोरं भाषण ऐकणार नाहीत, कारण फरक त्यांना दिसतो. आणि ज्या चेहऱ्यांनी वर्षानुवर्षं ‘कौशल्याचा खेळ’ म्हणून जुगार विकला, त्यांच्या तोंडून पुढच्या वेळी ‘युवाशक्ती’ हा शब्द ऐकलात तर टाळ्या वाजवू नका.

आणि तुम्ही, जे हे फोनवरच वाचताय, आत्ताच कुठल्यातरी खेळाची सूचना वर येऊन गेली असेल. तो उघडण्याआधी एक प्रश्न विचारा. मी हरलो तर कुणाच्या खिशात काय पडतं? उत्तर ‘कुणाच्याच नाही’ असेल तर खुशाल खेळा. शंभरदा मरा, शिव्या घाला, पुन्हा पहिल्या स्टेजपासून सुरू करा. उत्तरात कुठलीही कंपनी, कुठलाही वाटा, कुठलीही ‘फक्त आजची ऑफर’ आली, तर समजा की तिथं तुमचं कौशल्य कुणालाच नको आहे, तुमचं हरणं हवं आहे. हा प्रश्न खेळापुरता ठेवायचंही कारण नाही. क्लासची फी भरताना, भरतीचा फॉर्म भरताना, ‘हमखास नफा’ सांगणाऱ्या ट्रेडिंगच्या ग्रुपात शिरताना, सगळीकडे तो चालतो.